एका बोटानं फिरणारी बैठक

फिटर निवृत्त झाला तेव्हा कारखान्यानं त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. पायलटला काहीच मिळालं नाही. तो कारखान्याचा नव्हताच. कंत्राटदाराचा माणूस, कामगारांची ने-आण करणारी बस चालवायचा. पुढे कारखानाच बंद पडला, बस भंगारात निघाली आणि ती दोघांनी मिळून उचलली.

"तुला घड्याळ, मला बस," पायलट म्हणाला होता. "माझ्या बसला उशीर झाला की घड्याळ बघून बोंब मारायला तू मोकळा."

ते आधीही तसंच होतं. पायलट स्टिअरिंगवर आणि फिटर त्याच्या पाठीमागच्या सीटवर. रोज जाताना एक भांडण, येताना समेट.

बस लहान होती, जुन्या घाटणीची, इंजिन पुढे नाकात असलेली. पायलटच्या घरामागे एका बंद पडलेल्या वखारीचं सिमेंटचं अंगण होतं, तिथे ती उभी राहिली. फिटरनं आतली बाकडी काढली आणि घर बसवलं. खाली सामान मावेल असा पलंग, भिंतीला दुमडणारं टेबल, वळणावर भांडी घरंगळू नयेत म्हणून फळ्यांना कडा. कामाची वाटणी पहिल्याच दिवशी झाली. बॉनेट आणि चाकं पायलटची, बाकी सगळं फिटरचं. एकानं दुसऱ्याच्या कामात हात घालायचा नाही. कारखान्यातही हाच नियम होता. दुसऱ्याच्या यंत्राला हात लावायचा तर विचारून लावायचा, आणि तो माणूस शेजारी उभा असताना. फिटरनं हा नियम उभ्या आयुष्यात मोडला नव्हता. बॉनेटची किल्ली पायलटच्या घरी खिळ्याला असायची, आणि त्या खिळ्याकडे फिटरनं कधी मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

बेत साधा होता. फिटरच्या बायकोची थोरली बहीण लांब डोंगरात राहायची. वाटेत मुक्काम करत करत जायचं अंतर होतं. बायकोला साखरेचा त्रास, रोज इन्सुलिन टोचायचं, आणि त्या बाटल्या थंड राहायला हव्यात. म्हणून बहिणींची भेट वर्षानुवर्षं फोनवरच होत होती. पायलट एकटाच होता. बायको केव्हाच गेलेली, मुलगी लग्न होऊन परगावी. तिघांनी निघायचं, पायलटनं चालवायचं, थकला की फिटरनं. गाडीत एक छोटा फ्रीज ठेवायचा आणि तो टपावरच्या सोलर पॅनलवर चालवायचा.

अडचण टपाचीच होती. पाण्याची टाकी, हवेसाठी झडप आणि शिडी एवढं झाल्यावर जागा उरली एकाच पॅनलपुरती. तो आडवा ठेवला की दुपारी भरपूर वीज मिळायची, सकाळ-संध्याकाळ मात्र बोंब. फ्रीज पहाटेच मान टाकायचा. तेव्हा पॅनलनं दिवसभर सूर्याकडे तोंड ठेवलं तरच बाटल्या वाचणार होत्या. घराच्या छपरावर हे सोपं असतं, घर हलत नाही. गाडी आज एका दिशेला तोंड करून उभी राहील, उद्या दुसऱ्या. पॅनल वर-खाली तर व्हायला हवाच, पण सगळीकडे वळायलाही हवा.

आत घर बसवून झालं आणि फिटर छाती धरून बसला. दवाखाना, मग छाती उघडून ऑपरेशन, मग घरी लांबलचक विश्रांती. इतके दिवस रिकामे हात घेऊन तो कधीच बसला नव्हता. भिंतीवरचं घड्याळ समोरच होतं. एके दिवशी तो बायकोला म्हणाला, "ते काढून ठेव. ते माझ्याकडे बघतं."

डॉक्टरांनी जिना चढायची परवानगी दिली तशी पायलट येऊन म्हणाला, "चल, टपाचं काम राहिलंय."

"आणि इंजिन?"

"इंजिनाचं मी बघतो ना. तू वरचं बघ."

फिटरनं वरचं बघायला घेतलं, आणि मग त्यानं दुसरं काही पाहिलं नाही.

पॅनल ज्यावर फिरणार ती बैठक त्यानं ट्रकच्या पुढच्या चाकाच्या हबपासून केली. त्यातली बेअरिंगं वजन पेलतात आणि धक्काही सोसतात. टपावर वारा लागणार, तेव्हा नाजूक काही चालणार नव्हतं. पॅनल कलता करायला दवाखान्याच्या भंगारातली खाट मिळाली. रुग्णाचं डोकं वर करायचा तिचा स्क्रू काढून त्यानं पॅनलखाली लावला.

"आयुष्यभर आजाऱ्यांना उठवलं बिचारीनं," पायलट म्हणाला. "आता सूर्याला उठवणार."

"सूर्य आपला आपण उठतो. तू तेवढं उठत जा वेळेवर."

फिरवायला गाडीच्या वायपरची मोटर. सूर्य कुठे आहे हे सांगणारा डोळा ओळखीच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं करून दिला: प्रकाश ओळखणारे दोन बारीक मणी आणि मध्ये उभी पट्टी. सूर्य सरकला की पट्टीची सावली एका मण्यावर पडते आणि दोन्ही मण्यांवर सारखं ऊन येईपर्यंत मोटर पॅनल फिरवते. तो रेडिओवाला देताना म्हणाला, "या डोळ्याला चष्मा लागला तर माझ्याकडे येऊ नका." गाडी चालताना पॅनल आडवा निजायचा आणि एक जाड खीळ वरून खाली भोकात पडायची, म्हणजे वाऱ्यानं उचलला जाणार नाही. वायरी पिळल्या जाऊ नयेत म्हणून एक फेरी होत आली की बैठक अडायची आणि उलट परतायची. हे अडवणं जमवताना फिटरच्या नाकी नऊ आले. दोनदा जमलं असं वाटलं आणि दोनदा वायर तुटली.

घरी जेवताना तो बायकोला सगळं सांगायचा. ती विचारायचीही.

"ढग आले तर?"

"बॅटरी आहे ना. एक दिवस ओढेल."

"आणि दोन दिवस आले तर?"

"तर वाटेतल्या गावात थांबू. दवाखाना असतोच कुठेतरी."

"झाडाखाली गाडी लावायची नाही मग."

"नाही लावायची!" फिटर खूश व्हायचा. "बघ, तुला कळतं. पायलटला अजून कळत नाही. तो म्हणतो सावली बघून लावू."

बैठक तयार झाली तो दिवस तो विसरणार नव्हता. मोटर सोडवून त्यानं पॅनल मोकळा केला. बैठकीवर सपाटी दाखवणारी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. त्यानं एक बोट पॅनलच्या कडेला लावलं आणि ढकललं. एवढं सगळं लोखंड आणि काच एका बोटानं फिरलं, आवाज न करता, आणि बोट काढलं तिथे थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. पॅनल एका बाजूला जरा जड होता, पण बैठक सपाट असेल तर त्याला कुठे घसरायचं कारणच नव्हतं. फिटरनं खाली हाक मारली. पायलट वर चढला, त्यानंही बोट लावून पाहिलं.

"च्यायला," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. पायलटच्या तोंडून यापेक्षा मोठं बक्षीस कुणाला मिळालेलं नव्हतं.

मग बैठक बिघडायला लागली.

आधी आवाजावरून कळलं. एका बाजूला फिरताना मोटर कण्हायची, दुसऱ्या बाजूला नाही. फिटरनं मोटर सोडवली, बोट लावलं. पॅनल फिरला, पण थांबला नाही. हळूहळू पुढे गेला आणि त्याची जड कड गाडीच्या मागच्या बाजूला येऊन थांबली. कुठूनही सोडा, तो मागेच यायचा. पाणसळ ठेवली तर बुडबुडा गाडीच्या नाकाकडे सरकलेला.

बैठकीचा पाय त्यानंच वेल्डिंग करून टपाच्या पट्ट्यांना जोडला होता. वेल्डिंग थंड होताना लोखंड ओढलं जातं, हे त्यानं किती पोरांना शिकवलं असेल. आपलंच वेल्डिंग ओढलं गेलं असणार. त्यानं बैठक आणि पाय यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पट्टी सारली, बुडबुडा मधे आणला. थोडे दिवस गेले आणि पॅनल पुन्हा मागे येऊ लागला. आणखी एक पट्टी. पुन्हा तेच. मग त्यानं सगळं उतरवलं, वेल्डिंग कापलं, घासलं, जुन्याच खुणांवर नव्यानं केलं. टाका टाका थांबत, लोखंडाला श्वास घेऊ देत. तरी तेच. मग बेअरिंगं काढली, धुतली, उन्हात एकेक रोलर भिंगाखाली पाहिला. एकावरही चरा नव्हता.

आता उरला तो एकटाच. त्यानं उजवा हात समोर धरून पाहिला. ऑपरेशननंतर त्या हाताला एक बारीक कंप आला होता. चहाच्या कपाला कळायचा, लोकांना नाही.

"हात गेला माझा," जेवताना तो बायकोला म्हणाला.

"काहीतरीच."

"सरळ रेषेत टाका पडत नाही म्हणजे काय? पोरगासुद्धा घालेल."

"अहो, पण घाई कुठे आहे? सावकाश करा."

"घाई नाही कशी? उन्हं तापायच्या आत निघायचंय ना? तुझी बहीण फोनवर विचारत असते."

बायकोनं त्याच्या ताटात भाजी वाढली आणि ती उठून पाणी आणायला गेली. पाणी टेबलावरच होतं.

दुसऱ्या दिवशी पायलटही तेच बोलला. "असू दे रे. थोडं मागे येतं तर येऊ दे. मोटर आहे ना ओढायला?"

फिटर टपावरून खाली वाकून त्याच्याकडे बघत राहिला. "थोडं? स्टिअरिंग थोडं डावीकडे ओढलं तर तू चालवशील?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? मोटर उद्या जळेल. आडरानात जळेल. हिच्या बाटल्या तिथे तापतील. तेव्हा मी काय सांगू, पायलट म्हणाला असू दे?"

पायलटनं मान खाली घातली आणि टायरला उगाच लाथ मारून पाहिली.

त्या दिवसांत फिटरला म्हातारा टर्नर फार आठवायचा. कारखान्यातला सर्वांत नावाजलेला टर्नर, पण शेवटी हात थरथरायला लागले. सुपरवायझरनं त्याला हलकं काम दिलं. एक मोठा ट्रे, त्यात सगळ्या मापांचे नट एकत्र. ते वेगळे करून डब्यांत भरायचे. म्हातारा दिवसभर मान खाली घालून करायचा, आणि संध्याकाळी अभिमानानं डबे दाखवून जायचा. एकदा तो जेवणाचा डबा विसरला म्हणून बसमधून उतरून परत गेला. फिटर त्याला सोबत म्हणून गेला होता. दारातून दोघांनी पाहिलं: सुपरवायझर डबे एकेक करून ट्रेमध्ये उलटे करत होता आणि हातानं नट कालवत होता. उद्याचं काम तयार करत होता.  जेवणाचा डबा न घेताच म्हातारा मागे फिरला. दुसऱ्या दिवसापासून तो आलाच नाही.

त्या संध्याकाळी बसमध्ये फिटर पायलटला म्हणाला होता, "मला शिव्या घाल, हाकलून दे. पण असा ट्रे माझ्यापुढे ठेवू नका कुणी." पायलट आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला होता, "तुझ्यापुढे कोण ठेवणार? तू नट मोजून घेशील आणि सकाळी पुन्हा मोजशील."

घरी येऊन फिटरनं बायकोलाही ते सांगितलं होतं. त्या दिवशी तो जेवला नव्हता.

एका सकाळी त्यानं एका जुन्या बॉल-बेअरिंगचा सुटा छर्रा बैठकीवर ठेवला. म्हटलं, पाणसळीवर विश्वास नाही तर हा तरी खरं सांगेल. छर्रा हलला, गाडीच्या मागे निघाला, टपावरून टणटणत गेला आणि खाली पडला. फिटर शिडी उतरला. मागे कुठे दिसेना. तो गुडघ्यावर बसला, मग हातांवर आला आणि गाडीखाली डोकावला. छर्रा मागच्या चाकाला टेकून होता. पण त्याचं लक्ष पुढे गेलं. नाकाखाली, सिमेंटवर, एक ढीग होता. चाळलेल्या पिठासारखा निमुळता, टोकदार.

तो सरपटत तिथवर गेला. वाळू होती. कोरडी, बारीक. तो बघत होता तेवढ्यातही वरून एक धार ढिगाच्या टोकावर पडली आणि थांबली.

त्यानं मान वळवून वर पाहिलं. जिथे इंजिनाचं तेलकट पोट दिसायला हवं, तिथे लाकडाच्या फळ्या होत्या. फळ्यांच्या फटीतून एक पोतं लोंबत होतं आणि त्याचा कोपरा उंदरानं कुरतडलेला होता.

फिटर पाठीवर वळला आणि त्या फळ्यांकडे बघत राहिला. मग सगळं आपोआप जुळत गेलं. वाळू गळत होती, नाक हलकं होत होतं, पुढच्या स्प्रिंगा उठत होत्या, टप मागे कलत होता. वेल्डिंग ओढलं गेलं नव्हतं. बेअरिंगं चांगली होती. हातही गेला नव्हता. बैठक पहिल्या दिवसापासून खरं सांगत होती, आणि पाणसळही. फक्त ती त्यानं कधी गाडीच्या फरशीवर ठेवली नव्हती. गाडी कशी उभी आहे हे पायलटचं काम. त्यावर शंका घ्यायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. स्वतःवर घेतली.

तो बाहेर आला, नाकासमोर पाय पसरून जमिनीवर बसला. बॉनेट हाताच्या अंतरावर होतं. त्यानं ते उघडलं नाही. किल्ली दुसऱ्याची होती.

पायलट चहाची किटली घेऊन आला. "अरे, खाली का बसलास? चक्कर आली?"

"बॉनेट उघड."

"आता? चहा घे आधी."

"किल्ली आण."

पायलट हसायला गेला, आणि मग त्याला फिटरच्या शर्टाच्या पाठीवरची वाळू दिसली. किटली त्यानं जमिनीवर ठेवली. गेला, किल्ली घेऊन आला, आणि स्वतःच्या गाडीचं बॉनेट दुसऱ्याच्या घराचं दार उघडावं तसं उघडलं.

आत पोती होती. नीट रचलेली, दोरीनं बांधलेली. पायलटनं आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकी नीट रचली नव्हती.

"कुठे आहे?"

"जावयाच्या टेंपोत. त्याचं इंजिन बसलं होतं. हेच मॉडेल लागत होतं."

"कधी काढलंस?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हा."

"आणि ही वाळू?"

पायलटनं कपाळ पुसलं. "नाक वर आलं असतं ना. तू लांबूनच ओळखलं असतंस." त्याच्या आवाजात फिटरचं कौतुकच होतं, आणि ते फिटरला जास्त लागलं.

"म्हणजे वजनाचा हिशोब केलास. पोती मोजून भरलीस."

"हो."

"आणि मी वर वेल्डिंग कापत होतो. रोलर उन्हात धरून बघत होतो. तू खाली उभा राहून बघत होतास."

"मला काय माहीत वाळू गळतेय! आईशप्पथ, ते माहीत नव्हतं."

"बाकीचं माहीत होतं."

पायलटचा हात एका पोत्याच्या दोरीवर गेला. मग न राहवून बोलला. "फिटर, मी आपल्या मनानं नाही केलं रे. वहिनीच म्हणाल्या..." तो थांबला, पण शब्द सुटले होते.

फिटर उठला. उठताना त्यानं गाडीचा आधार घेतला नाही.

बायको स्वयंपाकघरात शेंगा सोलायला बसली होती. त्या खिडकीतून वखारीचं अंगण दिसायचं, बसचा टप दिसायचा. तिनं त्याला गाडीखाली शिरताना पाहिलं असणार, कारण तिच्यापुढच्या शेंगा तशाच होत्या.

"बॉनेट उघडलं मी," तो म्हणाला. मग स्वतःच दुरुस्त केलं, "त्यानं उघडलं."

ती हातातली शेंग बोटांत फिरवत राहिली.

"तू सांगितलंस त्याला?"

"सांगितलं." तिनं हातातली शेंग खाली ठेवली. "डॉक्टर म्हणाले होते, वर्षभर लांब जायचं नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही ऐकलं असतंत? भावजी म्हणाले, किल्ली लपवली तर तो किल्ली बनवेल, वायर तोडली तर जोडेल. गाडी जाऊच शकणार नाही असं काहीतरी करा, म्हटलं मी. मीच म्हटलं."

"आणि मला टपावर चढवलंत."

"तुम्ही घड्याळाकडे पाठ करून बसायचात. जेवायचा नाहीत. मला वाटलं, हाताला काम असलं की..." 

"तू विचारायचीस. ढग आले तर काय, दोन दिवस आले तर काय. ते काय होतं?"

"आधी खरंच विचारत होते."

"आणि नंतर?"

"सांगताना तुम्ही बरे दिसायचात."

फिटरनं खुर्ची ओढली, पण बसला नाही. "त्या टर्नरची गोष्ट तुला सांगितली होती मी. या इथेच."

"तसं नव्हतं हो ते."

"तो नट वेगळे करायचा. मी बैठक केली. रोज जेवताना डबे तुला दाखवले. भरले, भरले म्हणून. आणि खाली तुम्ही दोघं ते पुन्हा ट्रेमध्ये उलटे करत होतात."

"मलाही जायचं होतं," ती एकदम म्हणाली, आणि आवाज चढला. "माझी बहीण आहे ती. थकलीय. फोनवर मी तिला काय काय थापा मारते, त्या ऐका एकदा. मी तुम्हाला ठेवलं आणि तिला सोडलं. मला काय सोपं गेलं?"

"सोपं गेलं असं नाही म्हणत मी. मला सांगितलं नाहीस एवढंच म्हणतोय."

तिनं खाली ठेवलेली शेंग उचलली आणि सोलायला घेतली. 

फिटर त्यानंतर वखारीत गेला नाही. हत्यारांची पेटी पायलटनं दाराशी आणून ठेवली, ती दाराशीच राहिली. ओरडणं नाही, आदळआपट नाही. जेवायला बोलावलं की जेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा. काढून ठेवलेलं घड्याळ त्यानं स्वतः खिळ्याला परत लावलं आणि त्याच्यासमोर खुर्ची घेतली. बायकोला ओरडणं परवडलं असतं.

टपावरची बैठक मात्र कुणी बंद केलेली नव्हती. सकाळी पॅनल उगवतीकडे तोंड करायचा, दिवसभर वळत जायचा, संध्याकाळी मावळतीचं ऊन त्याच्या काचेवरून थेट स्वयंपाकघराच्या खिडकीत यायचं. मग कण्हत कण्हत आडवा व्हायचा. जाण्यासारखं खाली काही नव्हतं, तरी त्याचं काम चालू होतं. बायको खिडकीला पडदा लावायला गेली, आणि लावला नाही.

"ते बंद तरी करून या," ती एकदा म्हणाली.

"कशाला? त्याचं काय चुकलंय?"

उन्हं कलती झाली, हवा बदलली. डॉक्टरांनी सांगितलेलं वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं. ते कुणी बोलून दाखवलं नाही. मग एकदा पायलट दोन दिवस दिसला नाही. परत आला तो जावयाचा टेंपो चालवत, आणि शेजारी त्याची मुलगी फुगलेल्या तोंडानं. अंगणात बराच वेळ लोखंडाचे आवाज आले. फिटर खुर्चीतून उठला नाही, पण कोणता बोल्ट कधी सुटला हे त्याला आवाजावरून कळत होतं. एक बोल्ट पायलट उलटा पिळत होता. फिटरचे हात मांडीवर आवळले गेले आणि सुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको घराबाहेर गेली. परत आली तेव्हा तिच्या हाताला काळं तेल होतं. तिनं ते धुतलं नव्हतं.

"इंजिन बसवलंय," ती म्हणाली. "मी बघून आले. बॉनेट उघडायला लावलं आणि हात लावून बघितला. वाळू सगळी काढलीय. डॉक्टरांनाही विचारलं मी. मुक्काम करत करत गेलात तर हरकत नाही म्हणाले. ताईला कळवलंय." एवढं एका दमात बोलून ती थांबली. "जाऊ या?"

फिटरनं तिच्या हाताकडे पाहिलं. तेल खरं होतं. हात खरा होता. त्याला तिच्यावर विश्वास ठेवायचा होता, आणि तो कुठून आणायचा ते त्याला कळेना.

"बघतो," तो म्हणाला.

पेटी उचलून तो वखारीत आला. पायलट नाकाशी उभा होता, किल्ली पुढे धरून. "घे. तूच ठेव आता."

"तुझी आहे."

"घे रे. माझी असून काय उपयोग झाला?"

फिटरनं किल्ली घेतली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं बॉनेट स्वतः उघडलं. इंजिन होतं. त्यानं इंजिनाच्या चारही पायांचे बोल्ट पान्यानं पाहिले. एक ढिला होता, तो पिळला. पायलटनं गाडी चालू केली. आवाज तोच होता, बसच्या सगळ्या वर्षांचा.

"काय? शिव्या तरी घाल," पायलट म्हणाला.

 फिटर गाडीखाली गेला, सिमेंटवर हात फिरवला. एक कण लागला नाही. पाणसळ यावेळी आधी गाडीच्या फरशीवर ठेवली. मग टपावर चढून बैठकीखाली सारलेल्या सगळ्या पट्ट्या काढल्या आणि पाणसळ बैठकीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मधे. मोटर सोडवून त्यानं पॅनलला एक बोट लावलं. पॅनल फिरला, आवाज न करता, आणि बोट काढलं तिथे थांबला.

खिडकीत बायको उभी होती. खाली पायलट मान वर करून होता. दोघंही त्याच्या तोंडाकडे बघत होते.

सगळं बरोबर होतं. फिटर शिडी उतरला, फरशीवर पाणसळ ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागला.